एवढ्या पैशात स्टँड आला नसता?

परवा शनिवारी दुपारी मी न्यू जर्सीतल्या एका मल्टिप्लेक्समध्ये, बाथरूमबाहेरच्या बाकावर, पॉपकॉर्नची बादली मांडीवर धरून चांगला अर्धा तास बसलो होतो. बादलीत पॉपकॉर्न नव्हते.

तिकिटाच्या खिडकीवर कागद चिकटवलेला होता. या सिनेमात कॅमेरा सतत हलतो, काही प्रेक्षकांना गाडी लागल्यासारखा त्रास होऊ शकतो, वगैरे. मी तो नानांना मराठीत करून सांगितला आणि वर हसलो. ज्या देशात कॉफीच्या कपावर ‘आतला पदार्थ गरम आहे’ असं छापतात, तिथल्या पाट्या किती मनावर घ्यायच्या? शिवाय मी मूळचा वाईचा. लहानपणी पसरणीचा घाट चढताना एसटीत ओकायचो हे खरं. आई लिंबू आणि पिशवी घेऊनच बसायची. पण आता रोज मेट्रोपार्कहून पेन स्टेशनला लोकलमध्ये उभ्यानं पेपर वाचत जातो. मला वाटलं होतं, पोटालाही एव्हाना ग्रीन कार्ड मिळालं असेल.

नाना म्हणजे बायकोचे सख्खे काका. मुक्काम लातूर, धंदा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग, 1988 पासून. सासूबाई बाळंतपणाला यायला निघाल्या, पण एकट्या विमानात बसेनात, म्हणून सोबतीला धाकटे दीर आले. सध्या घरात तीन आठवड्यांचं बाळ आहे. त्याला ओव्याची धुरी दिली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलतो आणि त्याखाली पुठ्ठा हलवत उभं राहायचं काम माझ्याकडे आहे. शनिवारी पुठ्ठा हलवताना माझा हात बाळाच्या झोळीला लागला आणि आम्हा दोघा पुरुषांना ‘जा कुठंतरी’ असा आदेश झाला.

सिनेमा मी निवडला, हे कबूल करतो. गेल्या जुलैत त्याची जाहिरात आली तेव्हा तिच्यात सिनेमाचं नावच नव्हतं. नुसती तारीख, 18 जानेवारी 2008, आणि रस्त्यात येऊन आपटलेलं स्वातंत्र्यदेवीचं मुंडकं. ऑफिसात सहा महिने आम्ही त्यावर तर्क लढवले. नाव निघालं ‘क्लोव्हरफिल्ड’, त्यावरूनही काही कळलं नाही. गोष्ट एवढीच की मॅनहॅटनमध्ये एक अजस्र प्राणी घुसतो आणि जे काही आपल्याला दिसतं ते एका पोराच्या हातातल्या घरगुती कॅमेऱ्यातून दिसतं. निर्माता जे. जे. अब्रॅम्स मुलाबरोबर जपानला गेला होता, तिथे खेळण्यांच्या दुकानात गॉडझिला पाहून त्याला वाटलं की अमेरिकेचाही असा एखादा राक्षस हवा. घ्या की. आमची हरकत नाही. पण गॉडझिला 1954 साली आला तेव्हा निदान नीट उभा राहून दिसत होता.

सुरुवातीची वीस मिनिटं नाना खुशीत होते. कारण पडद्यावर चक्क त्यांचा धंदा चालला होता. रॉब नावाचा मुलगा नोकरीसाठी जपानला निघालाय, मित्रांनी निरोपाची पार्टी ठेवलीय आणि कॅमेरा हड नावाच्या एका मित्राच्या गळ्यात मारलाय. हा हड प्रत्येकाच्या तोंडासमोर कॅमेरा धरून ‘रॉबसाठी दोन शब्द बोला’ म्हणत फिरतो.

“हे आपलंच काम हाय की!” नाना म्हणाले. नानांचा आवाज मंगलाष्टकांच्या लाउडस्पीकरवर मात करून ‘नवरीच्या मामाऽऽ, इकडं बघा’ म्हणण्यात तयार झालेला आहे. पुढच्या तीन रांगा मागे वळल्या.

मग आनंद मावळला. “डोस्की कापलालाय सगळ्यांची. हेडरूम म्हणून काय असतंय का नाही? ... आता हे काय, पायताणं कशाला दाखवलालाय? ... लाइटवालं पोरगं कुठाय याचं?”

“नाना, हळू. तो हौशी आहे. मुद्दाम तसं केलंय.”

“मुद्दाम?” नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी अंतरपाट धरायला नकार दिला होता. “जावईबापू, मी असलं शूटिंग केलं असतं तर नवरीच्या बापानं मला पंगतीला तरी बसू दिलं असतं का?”

तेवढ्यात इमारत हादरली, दिवे गेले, सगळे गच्चीवर पळाले, लांब कुठे तरी स्फोट झाला आणि ते जगप्रसिद्ध मुंडकं भिरभिरत येऊन रस्त्यात पडलं. थिएटरभर किंचाळ्या. नाना म्हणाले, “व्हाइट बॅलन्स गेला.”

इथे माझ्या तोंडाला पहिल्यांदा पाणी सुटलं. विज्ञान मला माहीत आहे. डोळे सांगतात, आपण पळतोय. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं, छे, आपण साडेदहा डॉलरच्या खुर्चीत बसलोय. दोघांचं जमत नाही आणि भांडण सोडवायला पोट मध्ये पडतं. यावर उपाय म्हणजे डोळे मिटणं. मी मिटले. पण कानाशी नानांची कॉमेंट्री चालूच, त्यामुळे डोळे मिटूनही कॅमेरा हलतच राहिला.

एकदा उघडले तेव्हा पडद्यावर इमारत कोसळून धुळीचा लोट रस्त्यातून येत होता. लोक दुकानात घुसतात, मग पांढरेफटक होऊन बाहेर येतात, बधिर चालत राहतात. आमच्या पुढच्या रांगेतली एक मध्यमवयीन बाई उठली, कोट घेतला, शांतपणे निघून गेली. तिला गाडी लागली नव्हती. इथून रोज हजारो माणसं नदीपलीकडे मॅनहॅटनला कामाला जातात आणि 2001 च्या सप्टेंबरात, जुळे मनोरे कोसळले तेव्हा, त्यांतली काही परत आली नाहीत. कॅमेरा वेडावाकडा हलवला असेल, पण ती धूळ मात्र अगदी मोजूनमापून, टीव्हीवर होती तशी उडवली होती. मला त्याचा राग आला, आणि अजून आहे. त्या बाईला पैसे परत मिळाले का, कुणास ठाऊक.

नाना मात्र वेगळ्याच चिंतेत होते. पडद्यावर रॉबच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. मैत्रिणीचा निरोप ऐकायचा म्हणून तो लुटालूट चाललेल्या दुकानात घुसून नवी बॅटरी घेतो.

“फोनची घेतली,” नाना खुर्चीत पुढे सरकले. “कॅमेऱ्याची घे. अरे, कॅमेऱ्याची घे की! दुकानातच हाईस!”

शेजारच्या जर्सीवाल्या पोरानं मला इंग्रजीत विचारलं, “हे काय म्हणतायत?” मी म्हणालो, “बॅटरी.” तो क्षणभर विचारात पडला आणि त्यानं आपल्या मैत्रिणीला सांगितलं, “अरे हो, खरंच की! रात्रभर एकच बॅटरी कशी चालेल?” ही गोष्ट रांगेतून पसरत गेलेली मी कानांनी ऐकली. वर बॉम्ब पडतायत, ब्रुकलिन ब्रिज केव्हाच तुटून गेलाय आणि एफ रांगेला एकच प्रश्न पडलाय की चार्जर कुठे आहे.

मग मंडळी भुयारी रेल्वेच्या बोगद्यात शिरली. अंधार झाला म्हणून हडनं कॅमेऱ्यातलं रात्रीचं बटण दाबलं. सगळं हिरवं झालं, आणि त्या हिरव्यात कॅमेरा धावायला लागला. मीही धावलो.

बाकावर आधीच तिघं होती. ओकणाऱ्यांमध्ये एक रीत असते, कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे फरशीकडे बघतात. मॅनेजर म्हणून एक विशीतला मुलगा आला. मी पैसे परत मागितले. तो म्हणाला, “बाहेरची सूचना वाचली होती का?” खोटं बोलायला हवं होतं. पण मी म्हणालो, हो, भाषांतरही केलं होतं. मग पैसे नाहीत, म्हणाला, पण दुसऱ्या खेळाचा पास देतो. कोणत्या सिनेमाचा? याच. विषबाधा झालेल्याला खानावळीनं त्याच भाजीची आणखी एक वाटी द्यावी, तसं. बादली त्यानं दोन बोटांनी उचलून नेली, तीही माझ्याकडे न बघता.

सिनेमा सुटला तेव्हा आतून हुर्यो ऐकू आली. ‘संपला?’, ‘एवढाच?’, ‘आणि त्या प्राण्याचं काय?’ लोक बडबडत बाहेर पडले. सगळे गेले, नाना आले नाहीत. दहा मिनिटांनी आले. शेवटची सगळी नावं वाचत बसले होते. कॅमेऱ्याची कंपनी कुठे तरी लिहिली असेल म्हणून.

“काय झालं शेवटी?” मी अशक्तपणे विचारलं.

“तो शूटिंगवाला मेला. त्या जनावरानं खाल्ला. कॅमेरा गवतात पडला.” नानांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “तेवढा एक शॉट चांगला होता बरं का. हलला नाही. आपोआप फोकस घेत होता, कधी गवत, कधी त्याचं तोंड. पण आणखी एक चोरी धरली मी. मधनंमधनं जुनं शूटिंग दिसलालतं का नाही? तो रॉब अन् ती पोरगी, फिरायला गेलेली? टेपवर तसं होतंय. पण सुरुवातीला पाटी होती, मी वाचली, कार्ड म्हणून लिहिलेलं. कार्डावर खालचं जुनं असं दिसत नाही.”

गाडीत मी त्यांना सांगितलं की याला अडीच कोटी डॉलर खर्च आला म्हणतात. नानांनी मनातल्या मनात एकोणचाळीसनं गुणलं. “जवळजवळ शंभर कोटी! एवढ्या पैशात स्टँड आला नसता?”

मी खिडकीची काच खाली केली. बाहेरची थंडी बरी वाटत होती. मग काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, “पण नाना, काहीही म्हणा. एवढं मरण समोर असताना कुणी शूटिंग करत राहील का?”

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “किल्लारीला गेलो होतो मी. भूकंपाच्या दिवशी. आदल्या रात्री गावात विसर्जनाची मिरवणूक घेतली होती, कॅसेट तशीच आत. उरलेल्या टेपवर किल्लारी घेतली. पहिलं गणपती, मग एकदम ते.”

“किती घेतलं?”

“अकरा मिनिटं. मग एक म्हातारा म्हणाला, बाबा, ते ठेव अन् हात लाव. ठेवला जीपमध्ये.” वायपरकडे बघत म्हणाले, “मंडळानं ती कॅसेट परत मागितलीच नाही. हाय अजून घरी.”

पुढच्या सिग्नलपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. सिग्नलला नाना म्हणाले, “पण हलला नव्हता हां कॅमेरा.”

घरी पोहोचलो तेव्हा सासूबाईंनी माझं तोंड बघून ओव्याचं पाणी केलं. बाळासाठीचाच ओवा. मी ते पिऊन आडवा झालो. बाहेरच्या खोलीत नानांनी लातूरला फोन लावला होता आणि तो मंगल कार्यालयातला आवाज माझ्या उशीपर्यंत येत होता. “नाही, नाही, मला काय होतंय? जावईबापू ओकले.” मग ऐकणं. “हो, बादलीत.” मग पुन्हा ऐकणं, खूप वेळ, आणि हसणं. कालपासून लातूरहून तीन फोन आले. तिघांनीही आधी माझ्या पोटाची चौकशी केली, बाळाची नंतर.

पास दोन माणसांचा आहे. तो नानांनी माझ्या कोटाच्या खिशातून काढून स्वतःच्या पाकिटात, गजानन महाराजांच्या फोटोमागे ठेवलाय. आज सोमवार, मार्टिन ल्यूथर किंग यांची सुट्टी, मी घरीच आहे, आणि सकाळपासून त्यांनी दोनदा विचारलंय की दुपारचा खेळ किती वाजता. त्यांना बॅटरीचं नीट बघायचंय.