वॉरोडला वरच्या क्लासमध्ये ढकलू नका, सेक्शनची रचना दुरुस्त करा

फेब्रुवारी आला की मिनेसोटातल्या मुलींच्या हायस्कूल हॉकीबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. ‘तेच तेच संघ जिंकतात’ ही पहिली आणि ‘सेक्शन चुकीचे पाडलेत’ ही दुसरी. माझ्या मते पहिल्या तक्रारीवर जे उपाय सुचवले जातात (‘सतत जिंकणाऱ्या लहान शाळेला सक्तीने मोठ्या शाळांच्या क्लासमध्ये ढकला’ वगैरे) ते बहुतेक घातक आहेत. दुसरी तक्रार मात्र अगदी खरी आहे. लोक दोन्हींची खिचडी करतात म्हणून हे सविस्तर लिहितोय.

भारतातल्या मित्रांसाठी आधी थोडं. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. रिंक 200 फूट लांब, 85 फूट रुंद. बर्फावर एक गोली (म्हणजे गोलकीपर) आणि पाच जणी. हायस्कूलचा सामना 17 मिनिटांच्या तीन पिरियडचा. मुलींच्या हॉकीला शालेय खेळाचा अधिकृत दर्जा देणारं मिनेसोटा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, 1994 साली. पहिली राज्य स्पर्धा 1995 मध्ये झाली आणि ॲपल व्हॅलीने जिंकली. आज शाळा पटसंख्येनुसार दोन क्लासमध्ये वाटल्या आहेत: मोठ्या शाळा डबल ए, लहान शाळा ए. प्रत्येक क्लासचे भौगोलिक आठ सेक्शन. सेक्शन जिंकणारा एकच संघ राज्य स्पर्धेला सेंट पॉलला जातो. दुसरा आलेला घरी.

आता वर्चस्व. डबल ए मध्ये मिनेटोंकाने 2011 ते 2013 सलग तीन वर्षं जिंकलं. एडिनाने 2017, 2018, 2019 आणि पुन्हा 2021. मधलं 2020 आणि नंतरचं 2022 अँडोव्हरचं. क्लास ए मध्ये वॉरोडने 2022, 2023, 2024 अशी हॅटट्रिक केली. त्याआधी 2010 आणि 2011 सुद्धा त्यांचंच. एडिना हे मिनियापोलिसला चिकटलेलं सधन उपनगर. वॉरोड हे कॅनडाच्या सीमेवर, लेक ऑफ द वूड्सच्या काठावरचं जेमतेम अठराशे वस्तीचं गाव, सेंट पॉलहून गाडीने सहा तास. म्हणजे ‘पैसा आहे म्हणून जिंकतात’ हे सरसकट उत्तर इथेच बाद होतं.

खरं उत्तर मुलींच्या संख्येत आहे, आणि ती संख्या ठरते खालच्या वयोगटात. इथे लहान मुलांची हॉकी शाळा चालवत नाहीत, गावाची असोसिएशन चालवते: 8यू (आठ वर्षांपर्यंतच्या मुली), 10यू, 12यू, 15यू. साधा हिशोब करा. एखाद्या असोसिएशनचा 12यू चा एकच संघ आहे, त्यात तेरा मुली, दोन वयांच्या मिळून. म्हणजे एका वयाच्या सहा-सात. मिनेसोटात सातवीपासून बारावीपर्यंतच्या मुली शाळेच्या मुख्य संघात खेळू शकतात, म्हणजे सहा इयत्ता. कागदावर झाल्या चाळीसच्या आसपास. पण वयात येताना निम्म्या तरी गळतात: बास्केटबॉल, नाच, डोक्याला लागलेला मार, पहाटेचा सराव, खर्च. उरल्या वीस. सामन्याला अठरा स्केटर (गोली सोडून बाकीच्या) आणि दोन गोली उतरवता येतात, त्यामुळे वीस म्हणजे पूर्ण संघ वाटतो. पण त्यात काही सातवी-आठवीतल्या आहेत आणि गोली कदाचित एकच आहे. एडिनासारख्या ठिकाणी 12यू चेच अनेक संघ उभे राहतात, तेव्हा तिथे तिसऱ्या लाइनसाठीसुद्धा (लाइन म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्ड) निवड करावी लागते.

याचा परिणाम बर्फावर नेमका कुठे दिसतो? तिसऱ्या पिरियडला. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, 40-45 सेकंदांची असावी लागते, त्यापुढे पाय जड होतात. तीन लाइन फिरवणाऱ्या संघाच्या मुलीला एक शिफ्ट खेळून दोन शिफ्ट विश्रांती मिळते. दोनच लाइन असल्या की जेवढं खेळायचं तेवढंच बसायचं. दोन पिरियड 1-1, 2-1 असं चालतं आणि मग शेवटच्या 17 मिनिटांत चार गोल. पालक म्हणतात, ‘पोरींनी हाय खाल्ली.’ हाय कसली, दम संपला. मुलींच्या हॉकीत बॉडीचेकला (अंगाने धडक द्यायला) परवानगी नाही, त्यामुळे वेगवान मुलीला अंगाने अडवून जोर बरोबरीत आणायची सोयही नाही. एक जबरदस्त लाइन, एक डिफेन्सची जोडी आणि एक गोली, एवढ्या सहा जणी जमल्या की लहान शाळाही दोन-तीन वर्षं राज्य गाजवते. आणि त्यांतल्या तिघी बारावी झाल्या की तोच संघ पुन्हा सर्वसाधारण होतो.

म्हणूनच ‘जिंकणाऱ्याला सक्तीने वर ढकला’ या मागणीला माझा विरोध आहे. असा नियम इंडियानात इतर खेळांना आहे: दोन वर्षांत राज्य विजेतेपदाला 4 गुण, त्याखालच्या टप्प्यांना 3, 2, 1, आणि सहा गुण झाले की वरचा क्लास. अमेरिकन फुटबॉलसारख्या खेळात, जिथे साठ-सत्तर जणांचा ताफा असतो, तिथे एक वेळ ठीक. वीस मुलींच्या संघात मात्र गुण मिळवतात बारावीच्या मुली, आणि शिक्षा भोगायला मागे राहतात नववीच्या. वॉरोड नियमित मोसमात डबल ए च्या तगड्या संघांशी मुद्दाम सामने घेतं, तेही सहा-सहा तास बसने येऊन. आव्हान टाळणाऱ्यांची ही रीत नव्हे. शिवाय ज्यांना स्वतःहून वर खेळायचं त्यांना तशी मुभा आहेच. दर दोन वर्षांनी फेरवाटणी होते तेव्हा शाळा डबल ए निवडू शकते. ही निवड शाळेकडेच राहू द्या.

वॉरोडकडून शिकायचंच असेल तर एक गोष्ट शिका: तिथल्या मुलांना बर्फ फुकट आहे. शहरात भाड्याचा बर्फ तासाला 200 डॉलरच्या पुढे जातो. रिंक रिकामी असताना कोणीही स्केट घालून उतरावं, ही सोय कुठल्याही नियमापेक्षा जास्त खेळाडू घडवते. (खाजगी शाळा आणि ओपन एनरोलमेंट, म्हणजे आपल्या हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेत प्रवेश, यांवर वेगळी पोस्ट लागेल. इतकंच सांगतो की घर न बदलता शाळा बदलणाऱ्या मुलीला मुख्य संघाबाहेर एक वर्ष बसावं लागतं, त्यामुळे ‘खेळाडू पळवतात’ हे म्हणतात तेवढं सोपं नाही.)

आता सेक्शन. वाटणी होते ती पटसंख्या आणि नकाशा पाहून. हॉकीचा दर्जा त्यात कुठेच येत नाही. मिनियापोलिसच्या पश्चिमेला एडिना, मिनेटोंका, वेझाटा, चॅनहॅसन एकमेकांना लागून आहेत. रेषा कशीही ओढा, राज्यातल्या पहिल्या पाच-सहांतले दोन संघ एका सेक्शनमध्ये यायची शक्यता कायम राहते. मग खरी फायनल सेक्शनमध्येच, शेजारच्या एखाद्या छोट्या रिंकवर होते, आणि हरलेला संघ सेंट पॉलला गेलेल्या निम्म्या संघांपेक्षा सरस असूनही टीव्हीवर स्पर्धा बघतो.

यात आणखी एक भानगड आहे ती को-ऑपची. दोन-तीन शाळा मिळून एक संघ करतात, कारण एकटीकडे गोली नसते किंवा मुली पुरत नाहीत. प्रॉक्टर आणि हरमनटाउन यांचा मिळून संघ हे चांगलं चाललेलं उदाहरण. पण ग्रामीण भागात दोन संघांचा एक झाला की त्या सेक्शनमध्ये सातचे सहा संघ उरतात, समतोलासाठी शेजारून एक शाळा ओढून आणली जाते, आणि त्या शाळेचा प्रवास एकदम दुप्पट होतो. रेषा दर वेळी का हलतात असं विचारणाऱ्यांनी आधी कुठले संघ एकत्र झाले ते पाहावं.

सेक्शनच्या आतलं सीडिंगही (कोण कोणाशी खेळणार हे ठरवणारी क्रमवारी) धड नाही. जिथे प्रशिक्षकांचं मत घेतात तिथे चौथा आणि पाचवा क्रमांक ठरवताना आपापसातले हिशेब शिरतात, कारण चौथ्याला घरचं रिंक मिळतं आणि पाचव्याला बस. आणि पहिल्या क्रमांकाचा आठव्याशी सामना हा निव्वळ उपचार असतो. तिसऱ्या पिरियडला सहा गोलांचा फरक पडला की घड्याळ न थांबवता चालू ठेवतात, त्याचा अर्थ तेवढाच.

मॅसॅच्युसेट्सने 2021-22 पासून सेक्शनच मोडीत काढले. प्रत्येक डिव्हिजनची राज्यभर एकच यादी: प्रतिस्पर्धी किती तगडा आणि गोलांचा फरक किती (त्याला मर्यादा घालून) यावरून गुणांकन, आणि वरच्या 32 संघांना प्रवेश. हिशोब चोख, पण राज्याच्या पश्चिम टोकाचा संघ आठवड्याच्या मधल्या रात्री समुद्रकिनाऱ्यापर्यंत जातो. तेही राज्य मिनेसोटाच्या मानाने चिमुकलं. इथे उत्तर टोकाच्या रोझोच्या मुलींना मंगळवारी रात्री पार दक्षिणेच्या रोचेस्टरला पाठवायचं, बाहेर उणे पंचवीस तापमान, रस्त्यावर बर्फाचं वादळ? पत्रकावर छान दिसेल, बस चालवणाऱ्याला विचारा.

माझा प्रस्ताव फक्त डबल ए पुरता आहे. भौगोलिक सेक्शन आहेत तसेच ठेवा. सेक्शनचे दोन्ही फायनलिस्ट पुढे जाऊ द्या, म्हणजे सोळा संघ. मग एकच जादा फेरी: प्रत्येक सेक्शन विजेता आपल्या घरच्या रिंकवर शेजारच्या सेक्शनच्या उपविजेत्याशी खेळेल. जिंकणारे आठ सेंट पॉलला. शेजारी-शेजारी सेक्शन जोडले की प्रवास आवाक्यात राहतो, आणि प्रवास करतो उपविजेताच. एकूण आठ सामने, एकाच रात्री. जागा कशी काढायची? नियमित मोसमाची मर्यादा 25 सामन्यांची आहे, ती 24 करा आणि सेक्शन तीन-चार दिवस आधी सुरू करा. सेंट पॉलचं वेळापत्रक (बुधवारी ए, गुरुवारी डबल ए, शुक्रवारी उपांत्य, शनिवारी अंतिम) तसंच राहतं.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे: दक्षिणेकडच्या किंवा उत्तरेकडच्या सेक्शनची हमखास जागा जाईल आणि स्पर्धा मेट्रोची, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल परिसराची, होईल. काही वर्षी होईलही. पण सेक्शन जिंकून, घरच्या बर्फावर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर जो संघ शेजारच्या उपविजेत्याला हरवू शकत नाही, तो सेंट पॉलला गुरुवारी पहिल्याच सामन्यात 7-0 ने हरतो, हे आपण बघतच आलोय. क्लास ए ला मात्र हात लावू नका. तिथे अंतरं मोठी आहेत, संघ पातळ आहेत, आणि एका गावातून सेंट पॉलला जाणाऱ्या बसमागे निघणारी गाड्यांची रांग हाच त्या क्लासचा खरा अर्थ आहे.

ज्यांच्या मुली यंदा 10यू किंवा 12यू मध्ये आहेत त्या मराठी आईबाबांना एक सांगणं: शाळेचा सेक्शन कोणता ते बघू नका, तो तुमची मुलगी नववीत जाईपर्यंत एक-दोनदा बदललेला असेल. असोसिएशनमध्ये तिच्या वयाच्या किती मुली आहेत आणि त्यांत गोली किती, एवढं विचारा. गोली एकही नसेल आणि तुमच्या लेकीला पॅड बांधायची हौस असेल, तर तिला अडवू नका. सामान बहुतेक असोसिएशन वापरायला देतात.