घोरणे त्यांचे, लेख माझा

शेजारच्या काकांच्या घोरण्यावर मी लिहिलेला लेख गेल्या रविवारी अख्ख्या इमारतीच्या मोबाइलवर पोचला, तो काकांच्या नावाने आणि त्यांच्या हसऱ्या छायाचित्रासह. त्यातले स्वल्पविरामसुद्धा माझेच होते.

जाब विचारायला गेलो, तर काकांनी मलाच शांतपणे विचारले, "घोरतो कोण?"

"तुम्ही."

"मग लेख कोणाचा? तुम्ही नुसता टाइप केलात."

मी कॉपीराइटच्या, म्हणजे निर्मात्याच्या आपल्या कृतीवरील हक्काच्या, 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारापासून सुरुवात केली. पुस्तके, व्याख्याने, प्रवचने, नाटके, संगीत, चित्रे, शिल्पे, नकाशे, छायाचित्रे, इतकेच काय, वास्तुरचनाही त्याच्या छत्राखाली येतात, हे मी सांगत असतानाच काकांनी मला 'संगीत'पाशी अडवले. त्यांच्या घोरण्यात आरोह-अवरोह आहेत आणि काकू त्याची साक्ष देतील, असे ते म्हणाले. "सम तेवढी कधी सापडत नाही," आतून साक्ष आली. संगीत कोणीतरी रचावे लागते, झोपेत घशातून आपोआप निघालेला आवाज ही रचना नव्हे, असे मी म्हणताच त्यांनी ध्वनिमुद्रणाचा मुद्दा काढला. ध्वनिमुद्रणाला संरक्षण असते खरे, परंतु तो हक्क मुद्रण करणाऱ्याचा असतो. उद्या मी भिंतीला मोबाइल लावून त्यांचे घोरणे टिपले, तर त्या मुद्रणाचा धनी मी ठरेन. हे ऐकून काका पहिल्यांदाच दुखावलेले दिसले.

या कायद्याच्या आवडीनिवडी मलाही नेहमी पटतात असे नाही. 1994 च्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीचे संरक्षण मिळते, म्हणजे जी वाचून कोणीही आजवर गहिवरलेले नाही, ती माझ्या पंक्तीला बसते. उलट, वर्णानुक्रमे लावलेल्या टेलिफोन डिरेक्टरीतील नावे व क्रमांक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये उघड्यावर सोडले, कारण त्यात मेहनत असली तरी स्वतःची निर्मिती नव्हती.

"पण घोरण्यावर लिहिण्याची कल्पना मीच दिली होती," काका म्हणाले.

कल्पना कोणाच्याच मालकीची नसते, ती ज्या शब्दांत उतरते त्या शब्दांना संरक्षण असते, हे मी त्यांना तीन प्रकारे समजावले. घोरण्यावर खुशाल कोणीही लिहावे, मात्र 'चढावर बंद पडलेल्या ट्रकने चौथ्यांदा सुरू होऊ पाहावे तसा आवाज' हे वाक्य माझे आहे आणि त्यापायी मी रात्र जागलो आहे. जागे त्यांनीच ठेवले होते, हा मुद्दा सुदैवाने त्यांना सुचला नाही. लेख लिहून झाला त्याच क्षणी हक्क माझा झाला, त्याला नोंदणीची अट नाही, आणि लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क तर आणखी वेगळा. पण एवढा हक्क पदरात असूनही शेजाऱ्यावर दावा ठोकायला वेळ, पैसा आणि वकील लागतो, आणि लेखाचे मानधन म्हणून मला आजवर अंगठ्याची चित्रे तेवढी मिळाली आहेत.

अखेर काकूंनी दटावल्यावर काकांनी चूक दुरुस्त करण्याचे कबूल केले. संध्याकाळी लेख पुन्हा आला, छायाचित्र तेच. शेवटी बारीक अक्षरांत माझे नाव होते, आडनावातला ऱ्हस्व दीर्घ करून, आणि त्याच्या आधी लिहिले होते, 'टंकलेखन साहाय्य'.