चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

जुनं व्हर्जन सोडून नव्यावर कधी जायचं, हा विषय काढला बारक्यानं. त्याचं म्हणणं, जावा ८ (जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, ८ हे तिचं व्हर्जन) आलं २०१४ ला, त्यावर जो अजून नवा कोड लिहितो त्यानं म्युझियममध्येच नोकरी बघावी. अण्णांचं सगळं प्रॉडक्ट जावा ८ वर, त्यामुळे बाण कुणाला होता ते सांगायला नको.

"अरे चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" अण्णा उखडले. "२०१७ पासून दर सहा महिन्याला नवं जावा काढतात, मी दरवेळी क्लायंटला काय सांगू, की फीचर काही नाही पण महिनाभर थांबा?"

"अहो दर सहा महिन्यांचं कोण म्हणतंय, एलटीएस, म्हणजे वर्षानुवर्षं सपोर्ट मिळणारी व्हर्जनं, तेवढी घ्या ना! ११ झालं, १७ झालं, २१ झालं, तुम्ही सगळी सोडलीत. २१ मध्ये एकावेळी हजारो कामं चालवणारे हलके व्हर्च्युअल थ्रेड आलेत आणि तुम्ही अजून एकावेळी किती कामं चालवायची ते थ्रेड पूलचे आकडे खालीवर करत बसता."

मग अण्णांनी हुकमी पत्ता काढला, पायथन ही दुसरी भाषा. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये, पायथन २ चा सपोर्ट बंद झाला १ जानेवारी २०२० ला, आधी २०१५ च ठरलं होतं पण लोक हललेच नाहीत म्हणून मुदत वाढवावी लागली. "एवढं सगळं जग येडं होतं काय रे?"

बारक्या गप्प. पण ताईनं हे मायग्रेशन, म्हणजे २ वरून ३ वर जाणं, स्वतः केलंय, ती म्हणाली प्रिंटला कंस लावणं वगैरे किरकोळ, ते चुकलं तर प्रोग्राम तिथंच बोंबलतो. खरी भीती भागाकाराची. पायथन २ मध्ये ३ भागिले २ केलं की १ यायचा, पायथन ३ मध्ये दीड येतो, एरर नाही काही नाही, हिशोबाच्या कोडमध्ये असली ओळ असली की आकडा बदलतो आणि प्रोग्राम खुशाल चालत राहतो. आणि स्ट्रिंगचा घोळ वेगळाच, 'मराठी' या साध्या स्ट्रिंगची लांबी पायथन २ मध्ये यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत, देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट) फाइलमधून १५ यायची, पायथन ३ मध्ये ५ येते. (५ च बरोबर आहे म्हणा, पण १५ धरून कुणी डेटाबेसचा कॉलम ठरवला असेल तर?)

मला विचाराल तर अण्णांचं उदाहरण अर्धंच खरं. २००९ मध्ये ज्यांनी उडी मारली ते खरंच लटकले, कारण वेबसाइट बनवायची जँगोसारखी लायब्ररीसुद्धा (लायब्ररी म्हणजे आयता वापरायचा कोड) पायथन ३ वर २०१३ मध्ये यायला लागली, तीही आधी प्रायोगिक म्हणून. पण जे शेवटपर्यंत बसून राहिले त्यांचं काम काय वाचलं? तेवढंच करावं लागलं, वर डिसेंबर २०१७ च्या जँगो २.० नं पायथन २ सोडलं, २०१९ मध्ये आकडेमोडीच्या नमपायनं सोडलं, म्हणजे आजूबाजूचे सगळे निघून गेले. व्हर्जन कधी बदलायचं हे आपण ठरवतच नाही, आपल्या लायब्रऱ्या ठरवतात. त्या आल्या की निघायचं, त्यांच्या आधी नाही आणि त्यांच्यानंतर पाच वर्षांनीही नाही.

अण्णांचंच घ्या. त्यांचं प्रॉडक्ट ज्यावर उभं आहे त्या जावाच्या लायब्ररीचं नवं व्हर्जन, स्प्रिंग बूट ३, आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्याला किमान जावा १७ लागतं, शिवाय कोडमध्ये लायब्रऱ्या ओढून घेणाऱ्या कितीतरी ओळींत (इम्पोर्ट) जावाएक्स हे नाव बदलून जकार्ता करावं लागतं. आणि जुन्या स्प्रिंग बूट २.७ चे फुकटचे पॅच वर्षभरात बंद झाले. म्हणजे "चालतंय" हे खरं, पण उद्या त्यात सिक्युरिटीचं भोक सापडलं तर बुजवणार कोण?

"म्हणजे ८ वरून थेट २१?" अण्णा जरा नरमले.

"छे, आधी ११," ताई म्हणाली. "त्यात एक्सएमएल वाचायचं-लिहायचं जॅक्सबी जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, काढलंय, ते वेगळं जोडा, सगळं चालवून बघा, मग १७, मग स्प्रिंग. आणि बारक्या, तू नव्या व्हर्जनचं पहिलंवहिलं पॉइंट झीरो आल्या दिवशी प्रॉडक्शनवर, लोक वापरतात तिथं, टाकतोस ते बंद कर." मग परत अण्णांकडे वळून, "कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट आहेत ना पण?"

"आहेत की. बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे?"

"म्हणजे... लॉगिनच्या आहेत."

"मग जावाचं राहू द्या, आधी बिलिंगच्या टेस्ट लिहा," ताई म्हणाली, आणि बारक्या एवढा हसला की अण्णांनी त्या लिहायचं काम त्यालाच देऊन टाकलं.