एकाच लेसरवर भरवसा नको

कार्बन नॅनोट्यूबवरच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांवरच्या) एका लेखात म्हटलंय, रामन वर्णपटात (नमुन्यावर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात) डी पट्टा जी पट्ट्यापेक्षा (हा नळीतल्या कार्बनच्या जाळीचा) बराच लहान असला की नमुना शुद्ध. इतकं सरळ नाही हो! डी पट्टा (१३५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास) दोष आणि अस्फटिकी कार्बन दाखवतो, पण नळ्या बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकातलं उरलेलं लोखंड तिथे दिसतच नाही. त्यासाठी नमुना हवेत जाळून राख तोलावी लागते.

पुण्यात एमएस्सीला असताना मी ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरवर १८६ प्रति सेंटिमीटरला शिखर पाहिलं. नळी श्वास घेतल्यासारखी फुगते-आकसते, त्याचं हे शिखर. २४८ हा सूत्रातला स्थिरांक भागिले १८६, म्हणजे नळीचा व्यास १.३ नॅनोमीटर, खूश होऊन वहीत लिहिलं. पुढच्या आठवड्यात ७८५ चा लेसर मिळाला, तर तीच काळी पूड २३४ वर बोलायला लागली! ज्या नळ्यांचं त्या रंगाशी जुळतं त्याच ठळक दिसतात, बाकीच्या गप्प. लेखात लेसरची तरंगलांबी दिलेलीच नाही, मग व्यासाचा आलेख वाचायचा कसा?

आणि लेसरची शक्ती कमीच ठेवा. पूड तापली की जी पट्टा खाली सरकतो. मी तो डोपिंगचा (बाहेरचं द्रव्य मिसळल्याचा) परिणाम समजून सरांसमोर तोंडघशी पडलोय.