गंगेला न मिळालेली नावं

परवा घरच्या गप्पांत चिलीचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "पन्नास वर्षं होऊन गेली. किती उगाळायचं? झालं गेलं गंगेला मिळालं." मी तेव्हा गप्प बसले. पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहिते आहे. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. पुढची सतरा वर्षं जनरल पिनोशेची. तीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा गायब केली गेली. दोन लाखांच्या आसपास लोक देशाबाहेर गेले: स्वीडन, मेक्सिको, फ्रान्स, पूर्व जर्मनी, इंग्लंड. कित्येकांच्या पासपोर्टवर 'एल' हे अक्षर मारलेलं होतं. त्याचा अर्थ, तुमचं नाव यादीत आहे, परत यायचं नाही.

यादी हा शब्द लक्षात ठेवा. जुलै १९७५मध्ये आणखी एक यादी आली, ११९ बेपत्ता माणसांची. हे सगळे डावे परदेशात आपापसात लढून मेले, अशी बातमी अर्जेंटिनातल्या एका मासिकात आणि ब्राझीलमधल्या एका वर्तमानपत्रात छापून आली. त्या मासिकाचा तेवढा एकच अंक निघाला, कारण ते त्या बातमीपुरतंच काढलं होतं. चिलीतल्या पेपरांनी ती उचलली. ज्या आयांनी आपल्या मुलाला स्वतःच्या दारातून ओढून नेताना पाहिलं होतं, त्यांनी सकाळी पेपरात वाचलं की तो परदेशात मेला.

म्हणून मला निर्वासितांचं काम फार मोठं वाटतं. लोक त्याला 'आठवणी जपणं' म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. ते काम नोंदीचं होतं. कोठडीतून सुटून देशाबाहेर पडलेल्या माणसांनी आठवून आठवून लिहून काढलं: माझ्या शेजारी कोण होतं, कुठली तारीख होती, त्याच्या अंगात काय होतं, पहारेकऱ्याला काय नावाने हाक मारत. सांतियागोत लोंद्रेस ३८ या पत्त्यावर एक छळछावणी होती. कैद्यांचे डोळे बांधलेले असत. पट्टीच्या खालच्या फटीतून त्यांना फक्त फरशी दिसे, काळी-पांढरी, बुद्धिबळाच्या पटासारखी. त्या फरशीवरून वाचलेल्यांनी पुढे घर ओळखलं. राजवटीने दारावरचा नंबर ३८चा ४० केला होता. फरशी बदलायचं राहून गेलं.

मागे राहिलेल्या बायका गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवत होत्या. आर्पियेरा म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला आजीची गोधडी आठवली. जुन्या लुगड्याचा तुकडा, आजोबांच्या सदऱ्याचा तुकडा, ज्याची आठवण हवी त्याचं कापड. या बायकाही कधी कधी गायब झालेल्या माणसाचेच कपडे कापून त्यात लावत. मागे अँडीजचे डोंगर, वर सूर्य, आणि खाली हातात फोटो धरलेल्या बाया: 'ते कुठे आहेत?' चर्चच्या मदतीने ही कापडं देशाबाहेर जात. तिकडे निर्वासित त्यांची प्रदर्शनं भरवत, ती विकत आणि पैसे परत पाठवत.

आपल्याकडे श्राद्धाला तिथी लागते. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. पण माणूस गेला, एवढं तरी कुणीतरी सांगावं लागतं ना! या घरांना ते कुणी सांगितलंच नाही. कित्येक देह रेल्वेच्या रुळांना बांधून हेलिकॉप्टरमधून समुद्रात टाकले होते. पुढे एक रूळ वर काढला, तर गंजात शर्टाचं बटण चिकटलेलं सापडलं. 'गंगेला मिळालं' म्हणताना मला ते बटण दिसतं.

१९९८च्या ऑक्टोबरमध्ये पिनोशेला लंडनच्या दवाखान्यात अटक झाली. वॉरंट स्पेनच्या न्यायाधीश गार्सोन यांचं होतं. पण त्यामागचा खटला उभा करण्यात जोआन गार्सेस या वकिलाचा मोठा वाटा होता. हा आयेंदेंचा सल्लागार. 'कुणीतरी हे जगाला सांगायला हवं' म्हणून त्यांनीच त्याला उठावाच्या दिवशी राजवाड्यातून बाहेर पाठवलं होतं. अटक झाली तेव्हा साक्षी आणि नावं तयार होती, कारण पंचवीस वर्षं कुणीतरी ती लिहून ठेवली होती. लंडनमधले चिलीचे लोक ढोल आणि फोटो घेऊन रस्त्यावर उभे राहिले. ५०३ दिवसांनी, तब्येतीचं कारण देऊन, ब्रिटनने त्याला सोडलं. २००६मध्ये तो शिक्षा न होताच मेला. याचा मला आजही राग येतो.

पण एक गोष्ट त्याच्याच राजवटीवर उलटली. १९७८मध्ये लष्कराने स्वतःला माफी देणारा कायदा केला होता. पुढे चिलीच्या न्यायालयांनी म्हटलं, देह मिळालेला नाही म्हणजे अपहरण अजून चालूच आहे. चालू गुन्ह्याला जुनी माफी कशी लागू होईल? म्हणजे 'अजून तेच तेच' असं जे आपण म्हणतो, ते कायद्याच्या भाषेत अक्षरशः खरं आहे.

गायक व्हिक्टर हारा यांच्या पत्नी जोन मूळच्या ब्रिटिश. नवऱ्याचा गोळ्यांनी चाळण झालेला देह शवागारात ओळखून, दोन मुली आणि त्यांच्या गाण्यांच्या टेप घेऊन त्या १९७३मध्ये लंडनला गेल्या. मग चिलीत परतल्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हारा यांच्या खुनाबद्दल लष्करातल्या माजी अधिकाऱ्यांच्या शिक्षा कायम केल्या. अमेरिकेत राहत असलेल्या एका आरोपीला डिसेंबरमध्ये चिलीत परत आणलं. जोन त्याआधी तीन आठवडेसुद्धा नाही, नोव्हेंबरात गेल्या.

त्याच वर्षी सरकारने गायब माणसांचा शोध स्वतः हाती घेतला. आकडा १,४६९. त्यातल्या ३०७ जणांचीच ओळख तोवर पटली होती.

लोंद्रेस ३८च्या दारासमोर आता रस्त्यातच काळे-पांढरे दगड बसवले आहेत, आतल्या फरशीसारखे. मधे मधे लोखंडी पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीवर एक नाव आणि वय. बहुतेक वयं विशीतली आहेत.