बेअरिंग मिळालं असतं तर

माझ्या वर्कशॉपच्या टेबलावर गेले तीन महिने एक बेअरिंग पडून आहे. अर्ध्या बांगडीसारखं, अंगठ्याएवढं रुंद. आतला राखाडी थर पार निघून गेलाय, खालचं तांबं उघडं पडलंय आणि एका कडेला पत्र्याची कुसळं सुटलीत. माझ्या एसयूव्हीच्या तीन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, हे बेअरिंग. ते गेलं म्हणून माझ्या हातात १९ लाखांचं एस्टिमेट आलं.

ही पोस्ट मोठी होणार आहे. पण दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडचे माझे निदान सहा-सात मित्र सध्या सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही बघतायत आणि त्यातल्या दोघांनी मला गाडी बघायला सोबत चल म्हणून फोनही केलाय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं ग्राइंडिंगचं काम आहे, २२ वर्षं झाली. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, जनरेटरचे क्रँक, म्हणजे इंजिनातले मुख्य फिरते दांडे, रोज हाताखालून जातात. इंजिनाची मला भीती कधीच नव्हती, म्हणून मी गाडी घेताना निर्धास्त होतो. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, तिला दर दोन महिन्यांनी मुंबईला तपासणीला न्यावं लागतं, खड्डा बसला की तिच्या तोंडून आवाज निघतो तो मला ऐकवत नाही. तिच्यासाठी एअर सस्पेन्शनची गाडी घेतली. २०२० च्या शेवटची, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) डिझेल, एका युरोपियन कंपनीची, ४८ हजार किलोमीटर झालेली. २०२३ मध्ये ३४ लाखांना. आणि गाडी खरोखर चांगली होती. कसाऱ्याचा घाट चढताना आई मागच्या सीटवर झोपून जायची. ते सुख मी नाकारत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये स्क्रीनवर मेसेज आला, ऑइलची पातळी जास्त आहे. ऑइल कमी झालं तर समजू शकतो, जास्त कसं होईल? माझ्या गाडीला डिपस्टिकच, म्हणजे ऑइल मोजायची पट्टीच, नाही. आजकाल बऱ्याच महागड्या गाड्यांना नसते, पातळी फक्त स्क्रीनवर दिसते. आयुष्यभर मी ऑइल दोन बोटांत चोळून बघत आलो आणि स्वतःच्या गाडीचं ऑइल मला बघताच येईना. अधिकृत वर्कशॉपला नेली. सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणाला, "सर, सेन्सरचं असेल, रीसेट केलंय." मी विश्वास ठेवला. जॉबकार्डवर ती तक्रार लिहूनसुद्धा घेतली नाही त्यांनी, आणि मीही आग्रह धरला नाही.

जुलैत रात्री मुंबईहून परतत होतो. पाऊस जोरात होता. घाट चढून आलो आणि आईने आधी ऐकलं. "अरे, ही टकटक कशाची येतेय?" मी काच खाली केली तोवर टकटकीची खडखड झाली होती आणि घोटीच्या टोलनाक्याअलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. तिथेच गाडी कडेला घेऊन बंद केली. फ्लॅटबेड यायला अडीच तास लागले. आई तेवढा वेळ छत्री धरून टपरीच्या बाकावर बसून होती. तिचा कंबरपट्टा भिजला होता.

वर्कशॉपमध्ये चौथ्या दिवशी एस्टिमेट मिळालं. इंजिन असेंब्ली, गास्केट, टर्बोच्या ऑइल लाइन, कूलंट, लेबर, टॅक्स, सगळं मिळून १९ लाख आणि वर काही हजार. मी विचारलं, नक्की काय गेलंय? "बॉटम एंड नॉइज आहे सर." म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून आवाज. उघडून बघितलं का? "आमच्याकडे इंजिन ओपन करत नाही. असेंब्ली येते, ती बदलतो." म्हणजे कुठला पार्ट गेला हे कोणीही डोळ्यांनी न बघता अख्खं इंजिन फेकायचं, आणि त्याचे पैसे माझ्या खिशातून. वॉरंटी केव्हाच संपलेली. पहिल्या मालकाने मुदतीत एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नव्हती आणि नंतर ती घेता येत नव्हती. इन्शुरन्सचं तर विचारूच नका. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असली तरी मेकॅनिकल ब्रेकडाउन मोटर पॉलिसीत बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जे ॲड-ऑन मिळतं ते मुख्यतः पाणी शिरून किंवा ऑइल गळून झालेल्या नुकसानीसाठी असतं.

गाडी उचलून मी नाशिकच्या द्वारका सर्कलजवळच्या गॅरेजला आणली. तिथले चाचा माझ्याकडे क्रँक पाठवतात, २० वर्षांची ओळख आहे. त्यांनी सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट सोडला आणि ऑइल पाण्यासारखं सळसळत खाली आलं. चाचांनी बोटावर घेऊन नाकाजवळ नेलं. "शेठ, हे ऑइल नाही. यात निम्मं डिझेल आहे." टबमध्ये ऑइल संथ झाल्यावर वर चमकी तरंगायला लागली. ती चमकी म्हणजे हे टेबलावरचं बेअरिंग.

डिझेल ऑइलमध्ये आलं कुठून, हे प्रत्येक डिझेल एसयूव्हीवाल्याने समजून घ्यावं. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी धरून ठेवतो. भरत आला की ती काजळी जाळावी लागते, त्यासाठी साधारण ६०० अंशांची उष्णता लागते. ती आणायला बऱ्याच इंजिनांत पिस्टन खाली जात असताना जादा डिझेल मारलं जातं. हायवेला सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळाली तर ते काम पूर्ण होतं. पण माझा रोजचा रस्ता गंगापूर रोड ते अंबड, जेमतेम १० किलोमीटर, त्यात सिग्नल आणि त्र्यंबक नाक्याची गर्दी. जाळण्याचं काम सुरू व्हायचं आणि अर्ध्यावर मी इंजिन बंद करायचो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत सम्पमध्ये जायचं. ऑइलची पातळी वाढायची ती यामुळे. तो मेसेज खरा होता! सेन्सर बरोबर सांगत होता आणि आम्ही त्याला गप्प केलं. पातळ ऑइलचा थर बेअरिंगवर टिकत नाही, धातूला धातू लागतो, आणि पुढचं तुम्ही वर वाचलंत.

त्या दिवशी ऑइल बदललं असतं तर खर्च झाला असता काही हजारांचा.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते सांगतो. क्रँक मी स्वतः मायक्रोमीटरने मोजला. तीन नंबरच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागावर, रेघा होत्या, पण खोल नव्हत्या. ट्रॅक्टरचा असता तर संध्याकाळपर्यंत ०.२५ मिलिमीटर खाली ग्राइंड करून, पॉलिश मारून दिला असता. ट्रॅक्टरला, ट्रकला अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी, बेअरिंग मिळतात, ०.२५, ०.५०, त्याच्याही पुढची. दुकानात जा, नंबर सांगा, घेऊन या. माझ्या गाडीच्या इंजिनाला फक्त स्टँडर्ड साइज. अंडरसाइज ही कंपनी बनवतच नाही. जर्नलवर हार्डनिंगचा (कडक केलेल्या धातूचा) थर किती खोल आहे, किती घासलेलं चालेल, बोल्ट किती टॉर्कला आणि किती अंशाला फिरवायचा, ही माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळत नाही. मशीन माझ्याकडे आहे, हात आमच्या पोरांकडे आहेत, आणि अडलं कुठे, तर दोन वाट्यांच्या बेअरिंगवर आणि एका कागदावर.

नाशिक आहे हे, मित्रांनो. मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, नावाचं सर्कल आहे आपल्या गावात. बॉश इथे इंजेक्टर आणि नोझल बनवते, ते काम मायक्रॉनमध्ये चालतं. महिंद्राचं इंजिन इगतपुरीत तयार होतं. सातपूर, अंबड, सिन्नरमध्ये हजारो माणसं सकाळी आठच्या शिफ्टला धातू कापायला बसतात. अशा गावात एक क्रँक दुरुस्त होत नाही, हे मला पटत नाही. इंजिन आता फार बारीक टॉलरन्सचं झालंय, म्हणजे मापात जरासाही फरक चालत नाही, कोणीही उघडून बिघडवलं तर नाव आमचं खराब होतं, असं कंपनीचं म्हणणं असतं. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण मग लिमिट सांगा, पार्ट द्या, ट्रेनिंगचे पैसे घ्या. टॉलरन्स कागदावर लिहून दिला की तो पाळणं हाच आमचा धंदा आहे.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो याचसाठी: अस्सल स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून. त्यात साध्या गाड्यांच्या कंपन्या होत्या, महागड्याही होत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. चांगलं पाऊल आहे, मी त्यावर जाऊन बघितलं. पण पोर्टलवरून मला ०.२५ चं बेअरिंग मिळालं नाही. दुरुस्तीचा हक्क कायद्याने बांधून दिला पाहिजे, त्यात पार्ट किती वर्षं आणि कुठल्या साइजमध्ये मिळतील इथपर्यंत लिहिलेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आमदार-खासदारांना आपण रस्त्यासाठी निवेदनं देतो, यासाठीही द्यावीत.

कोणी म्हणेल, युरोपियन घेतलीस म्हणून भोगतोयस, जपानी घे. जपानी कंपन्यांचा मलाही आदर आहे. पण २०२४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून जवळपास १ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण वाचून मी हादरलो: इंजिन बनवताना मशिनिंगचा कचरा आत राहून गेला होता आणि तो मेन बेअरिंग खात होता. पार्ट धुऊन, एअर मारून, भोकात टॉर्च घालून बघा, हे मी माझ्या पोरांना रोज ओरडून सांगतो ते याचसाठी. २०२५ च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८ च्या सुमारे ६ लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या, कॅडिलॅक एस्कलेड त्यातलीच. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडचा दोष. तपासणीत ज्या गाड्या ठीक निघाल्या त्यांना जास्त घट्ट ऑइल घालून दिलं. मोठ्यातल्या मोठ्या कारखान्यात चूक होऊ शकते. पण तिथे कंपनीने ती जाहीर केली आणि स्वतःच्या खर्चाने निस्तरायला घेतली. वॉरंटी संपलेल्या सेकंडहँड गाडीच्या मालकाला एवढं कोण देतं?

म्हणून गाडी बघायला जाणाऱ्या मित्रांनो, ब्रँड नंतर बघा. दिल्लीतल्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिकडच्या मोठ्या एसयूव्ही स्वस्तात इकडे आल्यात, १२-१५ लाखांत. गाडीची किंमत उतरते. इंजिनाची, टर्बोची, गिअरबॉक्सची किंमत उतरत नाही, ती नव्या गाडीचीच राहते. आधी इंजिनाचा कोड विचारा आणि त्या कोडची खोड काय आहे ते शोधा. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन वाजायला लागली की बहुतेक वेळा इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. मर्सिडीजच्या ओएम६४२ व्ही-६ डिझेलमध्ये ऑइल कूलरची सील गळतात. सील स्वस्त, पण तो कूलर दोन्ही सिलिंडरांच्या रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलाय, तिथे पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं. दोन्ही इंजिनं चालायला सुरेख आहेत. फक्त हा खर्च धरून भाव करा.

गाडी रात्रभर थंड राहू द्या आणि सकाळी पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारायला लावा. मालक आधीच गरम करून ठेवत असेल तर परत या. थोडं ऑइल काढून वास घ्या. आणि डिझेल घेणार असाल पण रोजचं फिरणं कॉलेज रोड ते मुंबई नाका एवढंच असेल, तर घेऊ नका. अगदी घ्यायचीच असेल तर आठवड्यातून एकदा सिन्नरपर्यंत किंवा समृद्धीवर सलग पळवून आणा, आणि कंपनी १५ हजारांवर ऑइल बदलायला सांगत असली तरी तुम्ही सात-साडेसात हजारांवर बदला, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. तक्रार तोंडी करू नका. जॉबकार्डवर लिहून घ्या, फोटो काढा, जपून ठेवा. मी ते केलं असतं तर आज ग्राहक आयोगात उभं राहायला माझ्याकडे कागद असता.

माझी गाडी आता चालू आहे. चाचांनी कुर्ल्याच्या बाजारातून अपघातातल्या गाडीचं इंजिन आणलं, पुण्याहून एक मुलगा लॅपटॉप घेऊन दोन दिवस येऊन प्रोग्रामिंग करून गेला. आरटीओत नवा इंजिन नंबर चढवायला माझे पाच हेलपाटे झाले. सगळं मिळून सव्वासहा लाख. आईला परवा मुंबईला नेऊन आणलं. घोटी आली तशी तिने स्वतःहून विचारलं, "आवाज येत नाही ना रे?" आणि नाका मागे जाईपर्यंत ती पुढच्या सीटला धरून सरळ बसून होती.

जुना क्रँक मी भंगारात दिला नाही. ग्रीस लावून, कापडात गुंडाळून ग्राइंडिंग मशीनशेजारी उभा करून ठेवलाय. जपान, जर्मनी, तैवान, कुठूनही असो, या इंजिनाचा ०.२५ चा बेअरिंग सेट कोणाच्या पाहण्यात आला तर मला मेसेज करा. इंजिनाचा कोड इनबॉक्समध्ये देतो.