हार्पसिकॉर्ड, कस्टम्स आणि पाच कलमी शहाणपण

‘परदेशातून जुनं वाद्य मागवताय? ड्युटी अशी वाचवा’ असा पाच कलमी मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. फिरेना का, पण तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती एक जुना स्पिनेट (पियानोसारख्या दिसणाऱ्या जुन्या हार्पसिकॉर्डचा लहान भाऊ) घ्यायच्या बेतात आहे, म्हणून विचारते, ‘मामा, हे करू ना असंच?’ अजिबात करू नकोस. का, ते सविस्तरच लिहितो, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर हेच पुढे ढकलता येईल.

पहिलं कलम म्हणतं, पट्ट्यांची सगळी वाद्यं एकाच कस्टम्स कोडमध्ये जातात, ‘कीबोर्ड’ लिहिलं की झालं. हे लिहिणाऱ्याने एचएस सारणीचं, म्हणजे मालाला कस्टम्सचे क्रमांक देणाऱ्या यादीचं, ९२ वं प्रकरण उघडूनही पाहिलेलं नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही सारणी १९८८ पासून लागू आहे आणि तिच्यातलं वाद्यांचं हे प्रकरण जेमतेम दोन पानांचं आहे. नुसत्या पट्ट्या आहेत एवढ्यावरून तिथे कोड ठरत नाही, आवाज कशातून निघतो तेही पाहतात. पट्ट्यांना तारा जोडलेल्या असतील तर ९२०१: पियानो, हार्पसिकॉर्ड, स्पिनेट, क्लॅविकॉर्ड. पेटीत हवेवर रीड वाजतात, म्हणून ती ९२०५ मध्ये, क्लॅरिनेट-ट्रम्पेटच्या पंगतीला. (पूर्वी पेटीला ९२०३ हा वेगळा क्रमांक होता. २००७ च्या आवृत्तीत तो गेला, तरी जुन्या याद्या अजून फिरतातच.) हार्पसिकॉर्डचा हुबेहूब आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य मात्र ९२०७.

दुसरं कलम: हार्पसिकॉर्ड कालबाह्य, त्याला कोडच नाही, तेव्हा ‘लाकडी फर्निचर’ लिहा. ९२०१ च्या शीर्षकात ‘हार्पसिकॉर्ड’ हा शब्दच छापलेला आहे! उभा पियानो ९२०१.१०, ग्रँड ९२०१.२०, आणि हार्पसिकॉर्ड ९२०१.९० मध्ये. आकार ग्रँडसारखा दिसतो म्हणून .२० लिहू नये. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, पियानोत तिच्यावर हातोडी पडते. बाकी फर्निचर लिहिणं म्हणजे सरळ खोटी घोषणा, त्यावर जास्त काय बोलायचं.

तिसरं: खोलून वेगवेगळ्या खोक्यांत भरा, मग सुट्या भागांचा दर लागतो. ही पळवाट इतकी जुनी आहे की ती बुजवणारा नियम सारणीच्या अगदी सुरुवातीलाच आहे. सर्वसाधारण नियम २(अ): पूर्ण वस्तू सुटी करून आणली तरी ती पूर्णच धरायची, आणि अपुरी असली तरी तिचं मूळ स्वरूप त्यात आलं असेल तर तीही पूर्ण. हार्पसिकॉर्डचे घरी जोडायचे संच मिळतात, त्यांतलं लाकूड तासायचं, रंगवायचं बाकी असेल तर वाद घालायला थोडी जागा असते, हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण वाजतं वाद्य खोलून पाठवणाऱ्याला ती जागा नाही. वर साउंडबोर्डला (आवाज वाढवणाऱ्या पातळ लाकडी फळीला) तडा गेला तर दुरुस्तीचा खर्च वेगळाच.

आता चौथं, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो: ‘शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल तर अँटिक, ड्युटी नाही आणि हस्तिदंताबद्दल कुणी विचारत नाही.’

यातलं अर्धं खरं आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तू ९७०६ मध्ये जातात आणि अनेक देशांत तिथला दर कमी असतो. पण वय सिद्ध करायचं असतं. हार्पसिकॉर्डच्या बाबतीत तेच अवघड, कारण विसाव्या शतकात जुन्या नमुन्यांबरहुकूम ती भरपूर बनली. उलट अँटवर्पच्या रुकर्स घराण्याची सतराव्या शतकातली वाद्यं अठराव्या शतकात पॅरिसमध्ये कापून, रुंदावून नव्याने बांधली गेली, म्हणजे वय कुठल्या भागाचं धरायचं हाच प्रश्न.

हस्तिदंताचं वाक्य मात्र निव्वळ घातक आहे. ड्युटी आणि वन्यजीवांचा साइट्स करार ही दोन वेगळी दारं आहेत, एकातून सुटलात म्हणून दुसरं उघडत नाही. आफ्रिकन हत्ती १९९० पासून या कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे, दक्षिणेकडच्या काही देशांतले हत्ती पुढे थोड्या सैल अशा परिशिष्ट २ मध्ये आले. जुन्या हस्तिदंतालाही तो कराराआधीचा असल्याचा कागद लागतो. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या विमानतळावर बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचे व्हायोलिनचे गज अडवले गेले, ते टोकाच्या चिमुकल्या पट्टीत हस्तिदंत असल्याच्या संशयावरून. अख्ख्या पट्टीफळ्याची काय कथा! शिवाय पांढरं दिसतं ते सगळं हस्तिदंत नसतं. फ्लेमिश वाद्यांत बहुधा हाड असतं. फ्रेंचांत रंग उलटे, खालच्या पट्ट्या काळ्या आबनुसाच्या. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वाद्यांत मात्र हस्तिदंत सर्रास. हाडावर बारीक गडद ठिपके दिसतात, पण फोटोवरून शपथ घेऊ नये. याच करारात येणाऱ्या रोजवुड लाकडाबद्दल एक सवलत आहे: २०१९ पासून बहुतेक जातींच्या तयार वाद्यांना परवाना लागत नाही. ब्राझिलियन रोजवुड त्यात येत नाही.

पाचवं कलम, ‘प्रत्येक देशाचा कोड वेगळा, विचारून उपयोग नाही.’ पहिले सहा आकडे सगळीकडे तेच. पुढचे आकडे आणि दर बदलतात, आणि बहुतेक देशांत माल निघण्याआधीच कस्टम्सकडून वर्गीकरणाचा लेखी निर्णय मागता येतो.

तेव्हा पोरी, विक्रेत्याला आधी दोनच प्रश्न विचार: पट्ट्या कशाच्या आहेत, आणि त्याचा कागद कुठे आहे? तो ‘कोण विचारतंय’ म्हणाला, तर दुसरा स्पिनेट बघ.